सभासदांपुरती मारामारी

पॅरामॅटाहून शहराकडे जाणारी गाडी पकडावी आणि टाउन हॉलला उतरून बोंडाय जंक्शनच्या गाडीत बसावं. किंग्ज क्रॉस सुटलं की बोगदा संपतो आणि एजक्लिफ येण्याआधी गाडी थोडा वेळ उजेडातून, उंच पुलावरून धावते. खाली रशकटर्स बे. मोबाइलमधून मान वर काढेपर्यंत हा टप्पा निघून जातो. १९७० सालापर्यंत इथे सिडनी स्टेडियम होतं. हाच रेल्वेमार्ग टाकायचा म्हणून ते पाडलं. जुन्या सिडनीकरांना ते आठवतं बीटल्सच्या १९६४ सालच्या कार्यक्रमांसाठी. मुष्टियुद्धाच्या इतिहासात मात्र या जागेचं नाव एका सकाळीमुळे राहिलं आहे: २६ डिसेंबर १९०८.

ह्यू मॅकिन्टॉश नावाच्या उलाढाल्या माणसाने त्याच वर्षी हे मैदान उभारलं होतं. ऑगस्टमध्ये अमेरिकेचं आरमार सिडनी बंदरात येणार होतं. हजारो खलाशी येणार, त्यांना काहीतरी तमाशा हवाच, असा त्याचा हिशेब. वर छप्पर नाही, भोवती लाकडी बाकं. डिसेंबरात त्याने जगज्जेता टॉमी बर्न्स आणि टेक्ससचा जॅक जॉन्सन यांची लढत लावली. बर्न्स कॅनडाचा, गोरा, हेवीवेट म्हणून अगदीच बुटका. जॉन्सन सहा फुटांच्या वर, आणि काळा. तोवर हेवीवेटच्या जगज्जेत्याने काळ्या माणसाला किताबासाठी रिंगमध्ये उभं केलं नव्हतं. जॉन्सन बर्न्सच्या मागे इंग्लंडला गेला, तिथून ऑस्ट्रेलियात आला. शेवटी सहा हजार पौंडांची हमी मिळाल्यावर बर्न्स तयार झाला. पंच कोण यावर एकमत होईना, तेव्हा मॅकिन्टॉश स्वतःच पंच म्हणून रिंगमध्ये उतरला. वीस हजारांच्या आसपास लोक आत होते. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली, कारण बर्न्सचं पुढे काय होणार ते दिसतच होतं. फिल्म घेणारे कॅमेरेही तिथेच बंद झाले. गोरा जगज्जेता आडवा होतानाचं दृश्य पडद्यावर जायला नको होतं.

हा देश तेव्हा कायद्यानेच गोऱ्यांचा होता. १९०१ सालच्या स्थलांतर निर्बंध कायद्यानुसार बंदरावरचा अधिकारी येणाऱ्याला कुठल्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालू शकत असे. कोणत्या भाषेत, हे तोच ठरवणार, आणि नको असलेला माणूस नापास होणारच. आज हॅरिस पार्कच्या विग्रम स्ट्रीटवर रविवारी डोशासाठी रांगेत उभं असलेलं मराठी कुटुंब त्या काळी धक्क्यावरूनच परत गेलं असतं. अशा देशात, अशा गर्दीपुढे जॉन्सन जिंकला आणि लढताना हसत राहिला. ते हसणं लोकांना ठोशांपेक्षा जास्त लागलं. रिंगजवळ बसून बातमी लिहिणाऱ्या जॅक लंडन या अमेरिकी कादंबरीकाराने तर निवृत्त जगज्जेता जिम जेफ्रीज याला जाहीर साकडं घातलं, की शेत सोड, परत ये आणि हे हसू पुसून टाक. ‘गोऱ्यांची आशा’ या वर्तमानपत्री खुळाची सुरुवात इथली.

पुढच्याच वर्षी, १९०९ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बेलोज नावाच्या सत्तावीस वर्षांच्या चित्रकाराने काळा आणि गोरा मुष्टियोद्धा एकमेकांत गुंतल्याचं मोठं तैलचित्र रंगवलं. गोऱ्याचा गुडघा खचतोय, मान वर फेकली गेली आहे, काळा त्याच्या अंगावर चाल करून जातोय. स्वतःच्या नोंदवहीत बेलोजने आधी लिहिलेल्या नावात काळ्या माणसासाठीची शिवी होती. नंतर त्याने ते बदलून ठेवलं ‘या क्लबाचे दोघेही सभासद’. आता ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नाव वरवर सौम्य वाटतं, पण त्यात एक कायदेशीर टोमणा लपलेला आहे, आणि तो कळल्याशिवाय बेलोजची पुढची छापचित्रंही नीट कळत नाहीत.

न्यूयॉर्क राज्याने १९०० साली ल्यूइस कायदा करून तिकीट लावून होणाऱ्या जाहीर लढतींवर बंदी घातली. खासगी क्लबाने आपल्या सभासदांपुरती लढत ठेवली तर मात्र कायदा आड येत नव्हता. झालं! दारूचे गुत्ते रातोरात ‘ॲथलेटिक क्लब’ झाले. दारात पैसे मोजणारा त्या रात्रीपुरता सभासद. आत मार खाणारे आणि देणारे दोघे, तेही त्या रात्रीपुरते सभासद. ज्या गावात काळ्याला गोऱ्यांच्या क्लबाची पायरी चढता येत नव्हती, तिथे फक्त रक्त सांडायच्या वेळी त्याला सभासदत्व मिळत होतं. बेलोजला ही गंमत दिसली. त्याने ती नावात बसवली आणि त्यावर एक अक्षर जास्त बोलला नाही.

असा एक क्लब त्याच्या स्टुडिओच्या समोरच होता. आज लिंकन सेंटर आहे त्या भागात, ब्रॉडवेवरच्या लिंकन आर्केड नावाच्या इमारतीत बेलोज राहायचा. तिथे काही काळ त्याच्या खोलीत नाटककार यूजीन ओनीलही होता. समोर टॉम शार्की या निवृत्त मुष्टियोद्ध्याचा अड्डा. बेलोज मूळचा ओहायोतल्या कोलंबसचा. कॉलेजात बेसबॉल आणि बास्केटबॉल खेळणारा उंचापुरा गडी, आणि बेसबॉलमध्ये धंदेवाईक होशील असं त्याला सांगणारे होते. १९०४ साली पदवी न घेताच तो न्यूयॉर्कला आला आणि रॉबर्ट हेन्रीच्या वर्गात बसला. हेन्री शिष्यांना वर्गाबाहेर पिटाळायचा: रस्ते बघा, खानावळी बघा, गोदीतली माणसं बघा. या मंडळींना पुढे ‘राखेच्या डब्याचे चित्रकार’ असं काहीसं हिणवणारं नाव पडलं. शार्कीच्या अड्ड्यावरचं त्याचं सर्वांत गाजलेलं तैलचित्रही १९०९ चंच. ते क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे.

इथवरची गोष्ट तैलरंगाची झाली. माझ्या मते बेलोजचं खरं साहस पुढे आहे, १९१६ साली, जेव्हा त्याने घरच्या स्टुडिओत शिळाछापाचं यंत्र आणून बसवलं.

शिळाछाप मराठी माणसाला नवा नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. पुण्याची चित्रशाळा, रविवर्म्याचा आधी मुंबईतला आणि मग मळवलीला गेलेला छापखाना, आजीच्या देवघरातली लक्ष्मी, हे सगळं दगडावरचंच काम. चुनखडीचा एक जाड, घोटून सपाट केलेला दगड घ्यायचा. बव्हेरियातल्या सोलनहोफेनच्या खाणीतला सर्वांत चांगला. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल मिसळून ते दगडावर फिरवायचं. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी धरतं आणि खडूच्या जागी धरत नाही. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूवर बसते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप तयार, उजव्याचा डावा होऊन. खोदकाम नाही, ठशाची कटकट नाही. जर्मनीत झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली, आणि शंभर वर्षांत ती जगभरच्या बाजारांत पोचली.

अडचण नेमकी या ‘बाजारा’ची होती. अमेरिकेत शिळाछाप म्हणजे सिगारच्या डब्यांची लेबलं, सर्कशीची पोस्टरं आणि करियर अँड आइव्ह्ज कंपनीची स्वस्त चित्रं. या कंपनीने १८६० साली हीनन आणि सेयर्स यांच्या लढतीचं चित्रही छापून विकलं होतं. म्हणजे मुष्टियुद्ध दगडावर आधीच आलेलं होतं, पण भिंतीवर खिळ्याने ठोकायच्या मालाच्या रूपात. प्रतिष्ठित छापचित्रकार तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करत, कॅथीड्रल आणि कालवे काढत. बेलोजने विषयही बाजारातला घेतला आणि दगडही. मला तरी या दोन गोष्टी एकमेकींसाठीच थांबलेल्या वाटतात. दगडाला वाळूने घासून जो बारीक कण आणलेला असतो, त्यावर खडू घासला की धुराने भरलेल्या तळघराची हवा जवळजवळ आपोआप उमटते. खडू दाबला की काळोख, जिथे खडू लागला नाही तिथे कागदाचा पांढरा, आणि पात्याने खरवडलं की घामाची चकाकी. आधी जॉर्ज मिलर आणि १९२१ पासून बोल्टन ब्राउन, असे दोन कसलेले छापणारे त्याला लाभले. ब्राउन तर खडूही स्वतः वेगवेगळ्या कडकपणाचे बनवायचा. नऊ वर्षांत बेलोजने जवळजवळ दोनशे दगड काढले. मुष्टियुद्धाचे त्यांतले दीड डझनाच्या आतबाहेर, पण नाव झालं ते त्यांच्यामुळे.

१९१७ सालचं शार्कीच्या अड्ड्याचं छापचित्र जवळून पाहू. साधारण ४७ सेंटिमीटर उंच आणि ६० रुंद, म्हणजे मूळ तैलचित्राच्या निम्म्या मापाचं. दोघांची डोकी एकमेकांत रुतली आहेत, हात वर कुठेतरी अडकले आहेत, चेहरे जवळजवळ नाहीतच. तैलचित्रात लाल रंगाने मार दाखवता आला होता, इथे लाल नाही. म्हणून सगळा भार पाठीच्या आणि मांडीच्या स्नायूंवर आला आहे. पंच वाकून, हात पसरून दोघांचा माग काढतोय. आणि खाली रिंगच्या कडेला प्रेक्षकांची रांग: टक्कल, बसकं नाक, तोंडात सिगार, आ वासलेला जबडा. त्यातला एक जण मागे वळून आपल्याकडे बघत रिंगकडे बोट दाखवतोय, जणू आपणही दारात पैसे मोजून शेजारी बसलो आहोत. लढणाऱ्यांना चेहरे नाहीत आणि बघणाऱ्यांना आहेत. बेलोज काय बघत होता ते इथे कळतं.

खेळातल्या जाणकारांनी तेव्हाही नाक मुरडलं होतं. असा पवित्रा कोणी घेत नाही, असा तोल कोणाचा राहत नाही, वगैरे. बेलोजने यावर सरळ सांगून टाकलं, की मुष्टियुद्धातलं मला काही कळत नाही, मी फक्त एकमेकांचा जीव घ्यायला निघालेले दोन पुरुष रंगवतो. जाणकारांचं म्हणणं बरोबरही असेल, पण त्याने कुठे शिकवणीचं पुस्तक काढलं होतं? याच्या आधी फिलाडेल्फियात टॉमस ईकिन्सने १८९८-९९ मध्ये मुष्टियुद्धाची चित्रं रंगवली. त्यातला प्रत्येक स्नायू शरीरशास्त्राला धरून आहे, आणि सगळं थिजलेलं आहे.

बेलोजची बसायची जागाही पाहण्यासारखी आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग बांधलं (१९१२ साली ते पुरं झालं), तेव्हा आखाडा खोलात ठेवून प्रेक्षक चढत्या उतरणीवर बसवले. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही लाल माती दिसावी ही त्यामागची दृष्टी. खासबागेत तुम्ही कुस्तीकडे वरून बघता आणि डाव दिसतो. बेलोज रिंगच्या खाली बसतो, पुढच्याच्या डोक्याआडून वर बघतो. तिथून डाव दिसत नाही. दोरखंड, पोटऱ्या, दिव्याने उजळलेल्या पाठी आणि वरचा मिट्ट काळोख एवढंच दिसतं. लढणारे त्यामुळे अवाढव्य होतात आणि प्रेक्षकाचं खुजेपण उघडं पडतं.

या दीड डझनांत सगळेच दगड सारखे नाहीत. ‘दोन फेऱ्यांमध्ये’ या चित्रात ठोसा नाहीच. स्टुलावर ढेपाळलेला एक जण आणि त्याला टॉवेलने वारा घालणारे, चोळणारे मदतनीस, एवढंच. १९१६ चं ‘मोठ्या लढतीआधीच्या किरकोळ लढती’ त्याहून मजेदार आहे. जागा मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पुढे उंची गाऊन घातलेल्या बायका, शेपटाचे कोट घातलेले पुरुष, ओळखीपाळखी, मिरवणं. रिंग मागे कुठेतरी लहानशी, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. १९११ साली राज्यात कायदा सैल झाला होता. गुत्त्यातली मारामारी पैसेवाल्यांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात जमा झाली होती, आणि बेलोजने खडूची धार तिकडे वळवली.

१९२१ च्या एका दगडाचं नावच ‘गोऱ्यांची आशा’. गोरा खाली कोसळला आहे, काळा शेजारी उभा आहे, कसलाही आविर्भाव न करता. मधल्या वर्षांत बरंच घडून गेलं होतं. जॅक लंडनने बोलावलेला जेफ्रीज १९१० च्या चार जुलैला रीनोमध्ये जॉन्सनकडून पंधराव्या फेरीत हरला. त्या रात्री अमेरिकेत गावोगावी दंगली झाल्या आणि मेले ते बहुतेक काळे. १९१२ साली अमेरिकी काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या फिल्मा एका राज्यातून दुसऱ्यात न्यायला बंदी केली. बंदीमागचं कारण जॉन्सनचं जिंकणं हे कोणापासून लपलं नव्हतं. फिल्म अडवता येते, टपालाने जाणारा कागदाचा छाप कोण अडवणार? बेलोजने मुद्दाम बंदी मोडायला हा दगड काढला असं मी म्हणत नाही. पण कॅमेऱ्याला जे दाखवायची सोय राहिली नव्हती, तेच दृश्य खडूने दाखवलं हे खरं. आणि हा काही त्याचा एकटादुकटा उमाळा नव्हता. १९२३ मध्ये त्याने एका काळ्या माणसाला जमावाने जिवंत जाळल्याचं छापचित्र केलं. ते बघवत नाही.

सिडनीशी आणखी एक धागा जुळतो. जॉन एल. सलिव्हन हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा लाडका जगज्जेता. सिडनीत लॅरी फोलीच्या हाताखाली तयार झालेला, कॅरिबियन बेटांवर जन्मलेला पीटर जॅक्सन १८८६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा हेवीवेट विजेता झाला आणि सलिव्हनशी लढायला अमेरिकेला गेला. काळ्याशी मी लढत नाही, असं सांगून सलिव्हनने त्याला शेवटपर्यंत टाळलं. जॅक्सन १९०१ मध्ये क्वीन्सलंडमधल्या रोमा या गावी वारला, किताबाला हात न लावता. बेलोजच्या १९२३ च्या चित्रात सलिव्हन आहे, पण लढताना नाही. दुसऱ्यांच्या लढतीआधी रिंगमध्ये ओळख करून दिला जाणारा, सुटलेल्या अंगाचा म्हातारा. सलिव्हनला कोणी रिंगमध्ये हरवलं की नाही यापेक्षा त्याने कोणाला रिंगमध्ये येऊच दिलं नाही हे ठाऊक असलेल्या माणसाला हे चित्र वेगळं दिसतं.

आता जिथे बर्न्स आणि जॉन्सन लढले त्या शहरातले छापचित्रकार काय करत होते? लायनेल लिंडसे जुन्या सिडनीच्या पडक्या भिंती आणि गल्ल्या एचिंगमध्ये जपून ठेवत होता. १९२० साली सिडनीत एचिंग करणाऱ्यांची संस्था स्थापन झाली आणि निलगिरीची झाडं, शेतघरं, बंदरं यांचे सुबक छाप घरोघरी गेले. काम उत्तम आहे, कारागिरीत तर बेलोजपेक्षा सरस. पण एचिंगच्या सुईला गर्दीचा घाम पकडायला लावायचं त्यांच्या मनात आलेलं दिसत नाही.

बेलोजचा शेवटचा मोठा विषय १४ सप्टेंबर १९२३ चा. तोवर न्यूयॉर्कमध्ये वॉकर कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. सभासदत्वाचं नाटक संपलं होतं, तिकिटं उघड विकली जात होती. पोलो ग्राउंड्सवर जगज्जेता जॅक डेम्प्सी आणि अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो. एका सायंदैनिकाने बेलोजला चित्रांसाठी रिंगजवळ बसवलं होतं. पहिल्याच फेरीत डेम्प्सीने फिर्पोला सात वेळा पाडलं, आणि त्याच फेरीत फिर्पोने डेम्प्सीला दोरांमधून उचलून थेट पत्रकारांच्या टेबलांवर फेकलं. त्यांनी त्याला वर ढकललं. दुसऱ्या फेरीत डेम्प्सीने फिर्पोला पुरतं झोपवलं. सगळी लढत चार मिनिटांच्या आत आटोपली.

यातून कोणता क्षण घ्यायचा? वर्तमानपत्राला जिंकणारा हवा असतो. बेलोजने आधी दगडावर आणि मग १९२४ मध्ये तैलचित्रात नेमका तोच एक क्षण घेतला, ज्यात जिंकणारा उलटा होऊन दोरांबाहेर पडतोय. खाली लोकांचे हात त्याला झेलायला, किंवा स्वतःला वाचवायला, वर गेले आहेत. डाव्या कडेला एक टकला माणूस दिसतो. तो बेलोज स्वतः. ८ जानेवारी १९२५ रोजी अपेंडिक्स फुटून तो वारला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. तैलचित्र १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने घेतलं. डेम्प्सीने ती लढत जिंकली हे आज बहुतेकांना मुद्दाम सांगावं लागतं.